रंगासाठी पाली पैदा करू नयेत

(इयत्ता चौथी)

पाल म्हटली की आपण अंग झटकतो. अंगावर पडली तर आजी आधी अंघोळीला पाठवते, मग दुसरं काही. पण बालमित्रांनो, अमेरिकेत लोक हौसेने पाली पाळतात! गुरुजींनी परिसर अभ्यासाच्या तासाला हे सांगितले तेव्हा आम्ही सगळे खो खो हसलो. मग त्यांनी फोनवर चित्र दाखवले आणि आम्ही गप्प झालो. ती पाल खरोखरच सुंदर होती.

ती आपल्या भिंतीवरची पाल नव्हे. तिचे अंग पिवळे आणि त्यावर बिबट्यासारखे काळे ठिपके. म्हणून तिला बिबट्या पाल म्हणायचे. तिचे मूळ घर म्हणजे अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारताचा वायव्येकडचा कोरडा, खडकाळ भाग. तिला भिंतीवर चढता येत नाही. भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, ती जिभेने डोळे पुसते. हिला पापण्या असतात, ती डोळे मिटून झोपते. शेपटीत चरबी साठवते आणि खायला मिळाले नाही तर त्यावर दिवस काढते. तिची एक जवळची जात आपल्या महाराष्ट्रातही आहे. ती विषारी समजून लोक मारतात, पण ती विषारी नाही.

आता पाळणारे लोक काय करतात ते सांगते. एखादी पाल वेगळ्या रंगाची निपजली की तिची जोड मुद्दाम लावतात. तिच्या पिल्लांतून पुन्हा तसाच रंग निवडतात. कधी भाऊबहिणींचीही जोड लावतात. मादी एका वेळी बहुधा दोन अंडी घालते. ती पेटीत उबेला ठेवतात. ऊब २६ अंशांच्या आसपास असली तर बहुतेक माद्या होतात, ३२ च्या आसपास बहुतेक नर. म्हणजे नर की मादी तेही माणूसच ठरवतो. असे करता करता पांढऱ्या, नारिंगी, ठिपके नसलेल्या कितीतरी तऱ्हा तयार झाल्या. रंग जेवढा नवा तेवढी किंमत जास्त. किंमत ऐकली तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

त्यात ‘लेमन फ्रॉस्ट’ नावाची एक तऱ्हा आहे. लिंबासारखी पिवळी आणि झळाळणारी. पण या पालींच्या कातडीत पांढऱ्या गाठी येऊ लागल्या. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी त्याचा शोध घेतला आणि २०२१ साली तो छापून आला. गाठी १०० पैकी ८० हून जास्त पालींना होतात. आणि ज्या ठिकाणाहून तो रंग येतो त्याच ठिकाणाहून गाठीही येतात, असे त्यांना दिसले. गुरुजींनी असे समजावले, की आईवडील पिल्लाला एक चिठ्ठी देतात. पुढच्या बाजूला रंग लिहिला आहे आणि मागच्या बाजूला आजार. चिठ्ठी घ्यायची तर दोन्ही बाजू घ्याव्या लागतात.

मी वर्गात बसल्या बसल्या हिशेब केला. आम्ही २५ मुले. १०० ला ८० तर २५ ला २०. आम्ही पाच पाचच्या ओळीत बसतो. म्हणजे चार ओळी आजारी आणि शेवटची ओळ तेवढी बरी. मी तिसऱ्या ओळीत बसते.

आणखी एक तऱ्हा आहे, तिचे नाव ‘एनिग्मा’. तिच्यातल्या पुष्कळ पाली स्वतःभोवती गोल गोल फिरतात, मान वाकडी करतात, समोरचा किडासुद्धा त्यांना नीट पकडता येत नाही. रंग मात्र छान.

माझ्या शेजारी बसणारा मुलगा म्हणाला, “पालीचं काय एवढं? आपण झाडूनं मारतोच की.” ते खरे आहे. मीही एकदा मारली होती, तिची शेपूट वळवळत राहिली आणि पाल पळाली. पण मला वाटते, ते वेगळे आणि हे वेगळे. ती पळून जाऊ शकली. आजार घेऊनच जन्मलेली पाल कुठे पळणार?

कोणी म्हणेल, माणूस जनावरे निवडतोच. हो, निवडतो. आमच्याकडे डांगी गाईबैल आहेत. त्यांच्या तेलकट कातडीवरून पावसाचे पाणी ओघळून जाते. खूर काळे आणि टणक. ते चिखलात दिवसभर काम करतात. आजोबा बैल घेताना आधी खूर बघतात, अंगावरचे ठिपके नंतर. हौसेला माझा विरोध नाही. सगळ्याच रंगीत पाली आजारी नसतात, आणि आजार कळल्यावर काहींनी ती पैदास थांबवलीही. पण कळल्यावरही जे जोड लावतात ते चूक करतात.

आता माझी चूक सांगते. मी दुसरीत होते तेव्हा आमच्याकडे दोन करडं झाली. काळी भरपूर दूध देणाऱ्या शेळीची, आणि बांडी कमी दुधाच्या शेळीची. बाबा काळी ठेवणार होते. बांडीच्या कपाळावर चांदणी होती, म्हणून मी दोन दिवस जेवले नाही. बाबांनी काळी बाजारात विकली. यंदा बांडी व्याली. जुळी झाली आणि तिला दूधच पुरत नाही. रोज सकाळी शाळेच्या आधी मी करडांना दुसऱ्या शेळीचे दूध बाटलीने पाजते. ती बाटलीला ढुशा देतात तेव्हा मला फार वाईट वाटते. निवड माझी होती, उपाशी ती राहिली असती.

एका करडाच्या अंगावर आईपेक्षा जास्त ठिपके आहेत. दुसरे साधे तांबडे. कोणते ठेवायचे, असे बाबांनी परवा मला विचारले. मी अजून काही सांगितलेले नाही. आधी दोघांना अंगणात पळताना बघणार आहे.