अम्मीच्या टोपीची किनार

क्रोशाची टोपी तशी अवघड नाही. ६ साखळ्यांचे कडे, त्यात १२ खांब. मग दर फेरीला १२ वाढवायचे: २४, ३६, ४८. जास्त वाढले की चकतीला झालर पडते, कमी पडले की वाटी होते. टाळू झाकली की वाढ थांबवून सरळ भिंत उभी करायची. शाळेत मुलींना (आणि हट्टाने आलेल्या दोन मुलांना) मी एवढे शिकवते.

अम्मीची किनार मात्र मला येत नव्हती. "बघ आणि कर," ती म्हणायची. बघायला वेळ कुठे होता? आधी बी.एड., मग शाळा.

गेल्या रमजानआधी अम्मी गेली. मागे एक टोपी राहिली, किनार अर्धीच फिरलेली. भिंग घेऊन टाके मोजले, उलगडा होईना. उसवल्याशिवाय कळणार नव्हते, आणि उसवायला हात होईना.

शेवटी एका रात्री इशानंतर बसले. शेवटून एकेक टाका सोडवत वहीत उतरवला. पहाटेपर्यंत किनार कळली. मग त्याच दोऱ्याने ती पुन्हा विणली आणि राहिलेली पूर्ण केली. अम्मीचा हात सैल, माझा घट्ट. टोपीवर ते दिसते.

सोमवारी वही वर्गात नेली. त्या दोघांपैकी एकाने पहिल्याच तासाला किनार उचलली. त्याचा हात सैल आहे.