एका अटीची शर्यत

मुलामुलींनो, मराठीतला 'शर्यत' हा शब्द आणि उर्दूतला 'शर्त' हा शब्द एकाच घरातले आहेत. उर्दूत शर्त म्हणजे अट किंवा पैज. मराठीत शर्यत म्हणजे चुरशीची धाव. अट ठरल्याशिवाय शर्यत होत नाही. कोठून निघायचे, कोठे थांबायचे, कोणी भाग घ्यायचा, हे आधी ठरवावे लागते. आज मी तुम्हांला एका मोटार-शर्यतीविषयी सांगणार आहे. तिची एक अट मला त्या शर्यतीपेक्षाही मोठी वाटते.

या शर्यतीचे नाव 'एक्स्ट्रीम ई'. अलेहांद्रो आगाग या स्पॅनिश गृहस्थांनी ती सुरू केली. त्याआधी शहरांतील रस्त्यांवर विजेच्या मोटारी पळवणारी 'फॉर्म्युला ई' ही मालिकाही त्यांनीच २०१४ साली सुरू केली होती. मग त्यांच्या मनात आले, की विजेच्या मोटारी पक्का रस्ता सोडून वाळूत, खडकांत आणि चिखलात का पळू नयेत? आणि पृथ्वीचे तापमान वाढल्यामुळे जी ठिकाणे धोक्यात आली आहेत, तेथेच ही शर्यत का भरवू नये? म्हणजे लोकांचे लक्ष शर्यतीबरोबर त्या ठिकाणांकडेही जाईल.

पहिली शर्यत ३ आणि ४ एप्रिल २०२१ रोजी सौदी अरेबियातील अल-उला येथील वाळवंटात झाली. त्याच वर्षी सेनेगलचा समुद्रकिनारा, ग्रीनलंडमधील हिमनदीजवळचा प्रदेश, इटलीचे सार्डिनिया बेट आणि इंग्लंडमधील डॉर्सेट येथे पुढच्या शर्यती झाल्या. मोटारी आणि बाकीचे सामान 'सेंट हेलेना' नावाच्या जहाजातून नेण्यात आले. हे जहाज पूर्वी सेंट हेलेना बेटावर टपाल आणि प्रवासी नेत असे. नेपोलियनला कैदेत ठेवले होते, तेच हे बेट. शर्यत पाहायला तेथे प्रेक्षकांची गर्दी बोलावली नव्हती. लोकांनी ती घरी बसून दूरदर्शन संचावर पाहायची होती.

सर्व संघांना एकाच प्रकारची मोटार दिली होती. तिचे नाव 'ओडिसी २१'. वजन सुमारे १,६५० किलो आणि शक्ती ४०० किलोवॉट. थांबलेली मोटार साडेचार सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग घेऊ शकत असे. मोटार सर्वांची सारखीच असल्यामुळे खरी कसोटी चालकांची होती.

आता ती अट ऐका. प्रत्येक संघात दोनच चालक; एक पुरुष आणि एक स्त्री. शर्यत दोन फेऱ्यांची. एक फेरी एकाने चालवायची, मग ठरलेल्या जागी मोटार थांबवून दुसऱ्याने सूत्रे हाती घ्यायची. अंतर दोघांना सारखे, मोटार तीच, वाळू तीच. आधी कोणी चालवायचे, ते संघाने ठरवायचे. त्यामुळे एकाच वेळी एका मोटारीत पुरुष आणि शेजारच्या मोटारीत स्त्री, असेही घडू शके. अल-उलाच्या वाळवंटात धूळ इतकी उडत होती, की मागच्या चालकाला पुढचे काही दिसेना. अंतिम फेरीत तीनच मोटारी होत्या, तरीही पुढच्या मोटारीच्या धुळीत शिरणे धोक्याचे होते. त्या धुळीत स्त्रियांनीही पुरुषांइतकेच अंतर कापले.

तुम्ही विचाराल, अशी अट घालण्याची गरज काय? ज्याच्यात गुण असेल तो आपोआप पुढे येईलच की! मलाही पूर्वी असेच वाटत असे. पण इतिहास पाहा. 'फॉर्म्युला वन' ही जगातील सर्वांत प्रसिद्ध मोटार-शर्यत १९५० पासून चालू आहे. स्त्रियांनी भाग घेऊ नये, असा नियम तिच्यात नाही. तरीही इटलीच्या लेला लोम्बार्डी १९७६ साली तेथे धावल्या, त्यानंतर आजपर्यंत एकही स्त्री त्या शर्यतीत उतरलेली नाही. स्त्रियांत गुण नाहीत म्हणावे, तर जर्मनीच्या युटा क्लाइनश्मिट यांनी २००१ साली डाकार रॅली ही अत्यंत अवघड शर्यत पुरुषांना मागे टाकून जिंकली होती. म्हणजे दाराला कुलूप नव्हते, पण दार उघडून आत बोलावणारेही कोणी नव्हते.

काही जण म्हणतात, अशी जागा राखून ठेवणे म्हणजे उपकार करणे. मला हे पटत नाही. एक्स्ट्रीम ईमध्ये निम्मी शर्यत स्त्रीच्या हाती होती. ती मागे पडली तर सारा संघ हरणार. म्हणून संघाला तिलाही पुरुषाइतकाच सराव द्यावा लागे आणि तिचेही म्हणणे ऐकावे लागे. याला उपकार म्हणत नाहीत. याला गरज म्हणतात.

निकालही पाहा. २०२१ साली निको रॉसबर्ग आणि लुईस हॅमिल्टन या दोन जगज्जेत्यांच्या संघांचे गुण सारखे झाले, प्रत्येकी १५५. अधिक शर्यती जिंकल्यामुळे रॉसबर्गचा संघ विजयी ठरला. त्या संघात योहान क्रिस्टोफरसन यांच्याबरोबर ऑस्ट्रेलियाच्या मॉली टेलर होत्या. पुढच्या वर्षी हॅमिल्टनच्या संघाने विजेतेपद मिळवले. नऊ वेळा जगज्जेते ठरलेले सेबास्तियन लोब आणि स्पेनच्या क्रिस्टिना गुतिएरेझ हे त्याचे चालक होते. याच गुतिएरेझ यांनी २०२४ साली डाकार रॅलीत आपल्या गटात पहिला क्रमांक पटकावला.

या शर्यतीत सारेच चांगले होते, असे मी म्हणत नाही. नाजूक प्रदेशात जड मोटारी पळवून निसर्गाचे रक्षण कसे होणार, हा प्रश्न योग्यच आहे. २०२४ चा हंगाम तर अर्धवटच राहिला आणि एक्स्ट्रीम ई थांबली. तिच्या जागी हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारींची शर्यत आली. ती ऑक्टोबर २०२५ मध्ये सौदी अरेबियात झाली. मोटार बदलली, नाव बदलले. पण एक पुरुष आणि एक स्त्री ही अट कायम राहिली.

आता जरा आपल्या वर्गाकडे पाहा. विज्ञान प्रदर्शनात प्रयोग समजावून कोण सांगतो आणि तक्ते रंगवण्याचे काम कोणाकडे जाते? प्रश्नमंजूषेत उत्तर कोण देतो आणि शेजारी गप्प कोण बसते? मुलींना कोणी मनाई केलेली नसते, आणि एखाद्या लाजऱ्या मुलालाही नसते. पण संधी आपोआप मिळत नाही. पुढच्या वेळी गट करताना एक साधी अट घालून पाहा : निम्मे एकाने बोलायचे, निम्मे दुसऱ्याने. सुरुवातीला कोणी अडखळेल, वेळ थोडा जास्त लागेल. लागू द्या. गटाला जिंकायचे असेल, तर त्या अडखळणाऱ्याला तयार करण्याची जबाबदारी मग सगळ्यांचीच होईल.