भिंतीवरच्या मॉसला विचारा

पावसाळ्यात कंपाऊंडच्या भिंतीवर हिरवी मखमल चढते. आपण तिला सरसकट शेवाळ म्हणतो आणि रंगकाम काढले की खरवडून टाकतो. ती बहुतेकदा मॉस ही वनस्पती असते. रस्त्यावरच्या हवेत कोणते धातू आहेत, हे सांगण्याची क्षमता तिच्यात आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सर्व्हर बंद पडला की आम्ही एकमेकांवर आरोप करण्याआधी लॉग उघडतो. मॉस हा हवेचा लॉग आहे. त्याला खरी मुळे नसतात, पानांवर मेणाचा थर नसतो. पाणी आणि अन्नद्रव्ये तो मुख्यतः पावसातून आणि हवेतल्या धुळीतून घेतो. त्यासोबत आलेले धातू पेशीभित्तिकेला चिकटून साठत राहतात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये रुलिंग आणि टायलर या संशोधकांनी ही पद्धत विकसित केली. १९९० पासून युरोपातले अनेक देश दर पाच वर्षांनी मॉस गोळा करून धातू मोजतात.

कोणी म्हणेल, पेट्रोलमधले शिसे भारतात २००० सालीच बंद झाले, मग आता धातू कुठून येणार? ब्रेक दाबला की पॅड झिजते आणि तांबे, अँटिमनी हवेत जाते. टायर झिजतो आणि जस्त उडते. इलेक्ट्रिक गाडीला सायलेन्सर नसतो, पण टायर असतातच.

आपल्याकडे २००९ च्या राष्ट्रीय हवा मानकांमध्ये बारा प्रदूषके आहेत. त्यांत धातू तीनच: शिसे, आर्सेनिक आणि निकेल. तांबे, जस्त, अँटिमनी, कॅडमियम यांना मर्यादाच नाही. मोबाइलवर दिसणारा एक्यूआय हिरवा असला, तरी त्यात या चौघांचा हिशेब नसतो. महामार्गाला खेटून असलेल्या वस्तीत राहणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात २०१३ मध्ये वनविभागाच्या शास्त्रज्ञांनी झाडांवरून मॉसचे ३४६ नमुने घेतले. निष्कर्षांचा नकाशा काढला, तेव्हा कॅडमियमचे ठिपके रंगीत काचेच्या कारखान्यांभोवती गडद झालेले दिसले. मग सरकारी यंत्रणेने एका कारखान्याजवळ यंत्र लावले. कॅडमियम राज्याच्या निर्देशांकाच्या ४९ पट निघाले. २०१६ मध्ये हे उघड झाल्यावर लोक संतापले आणि दोन वर्षांत राज्याला कारखान्यांच्या हवेसाठी नवे नियम करावे लागले. यंत्र कुठे लावायचे, हे मॉसने दाखवले.

२०१९ मध्ये सिएटलच्या डुवामिश खोऱ्यातल्या किशोरवयीन मुलांनी प्रशिक्षण घेऊन आपल्याच वस्तीतल्या झाडांवरचा मॉस गोळा केला. कारखाने आणि ट्रकांच्या मधोमध राहणारी ही मुले होती. आपल्या हवेबद्दल दुसरे कोणी बोलेल, याची वाट त्यांनी पाहिली नाही.

मर्यादाही सांगायला हव्यात. मॉसवरून हवेच्या दर घनमीटरमध्ये किती धातू आहे, ते थेट कळत नाही. मातीची धूळ मिसळली तर आकडा फुगतो. म्हणून मॉसचा निकाल हा अंतिम पुरावा नसून चौकशीची पहिली पायरी आहे. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात तर तो वाळूनच जातो. त्यावर उपाय म्हणजे स्वच्छ जागचा मॉस जाळीच्या पिशवीत भरायचा, रस्त्यापासून दहा, पन्नास आणि दोनशे मीटरवर एकाच उंचीला टांगायचा आणि काही आठवड्यांनी प्रयोगशाळेत तपासायचा. त्याच मॉसचा थोडा भाग न टांगता बाजूला ठेवायचा, म्हणजे तुलना करता येते.

आपल्यातले कितीतरी जण रसायनशास्त्र, फार्मसी, इंजिनीअरिंग शिकत आहेत. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी पुन्हा एकदा तेच हजेरीचे ॲप बनवण्याऐवजी हा विषय घ्या. कॉलेजमधल्या प्राध्यापकांना गाठा, प्रयोगशाळेचा खर्च विचारा, नकाशा तयार करा. मग माहितीच्या अधिकारात विचारा की आमच्या रस्त्यालगत धातू कधी मोजले होते आणि पुढे कधी मोजणार.

वस्तीत खोकला वाढला की आपण निवेदन देतो, फोटो काढतो आणि घरी येतो. त्या निवेदनाला नकाशा जोडलेला असेल, तर साहेबांना उत्तर देताना दोनदा विचार करावा लागेल.