कंपवात, नृत्यवर्ग आणि पडण्याआधीचा खर्च

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक नागरिकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मोफत मिळावेत यासाठी केंद्र सरकारने २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड सुरू केले. ज्येष्ठांसाठी हा मोठा दिलासा आहे. मात्र योजनेचा सारा भर रुग्णालयात दाखल होण्यावर आहे. कंपवात झालेले पंचाहत्तर वर्षांचे गृहस्थ न्हाणीघराच्या दारात अडखळून पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले, तर शस्त्रक्रियेचा खर्च योजनेतून भागू शकतो. ते पडूच नयेत म्हणून आधीची दोन वर्षे आठवड्यातून दोनदा काही करायचे असेल, तर त्यासाठी या कार्डावर पैसा नाही.

हे ‘काही’ म्हणजे नेमके काय, याचे एक चांगले उत्तर गेल्या पाव शतकात नर्तकांकडून आले आहे. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी चालणारे नृत्याचे वर्ग आज पंचवीसहून अधिक देशांत आहेत. त्यांची एक शाखा पुण्यातही रुजली. या वर्गांनी काय साधते, काय साधत नाही आणि आपल्या सरकारी आरोग्यव्यवस्थेने त्यातून काय घ्यावे, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

सुरुवात ब्रुकलिनची

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात पार्किन्सन्सच्या रुग्णांचा एक स्वमदत गट होता. त्याच्या संस्थापक ऑली वेस्टहायमर यांनी २००१ मध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेपुढे एक प्रस्ताव ठेवला. आमच्या सदस्यांना नृत्य शिकवा, पण उपचार म्हणून नको, नृत्य म्हणून शिकवा. त्यामागचा विचार साधा होता. नर्तकाचे सारे आयुष्य तोल, ताल, ताकद आणि शरीराची लवचीकता यांवर विचार करण्यात जाते. कंपवाताच्या रुग्णालाही प्रत्येक हालचाल विचार करूनच करावी लागते. मग रुग्णाने नर्तकाकडून शिकायला काय हरकत?

संस्थेतील जॉन हेगिनबोथम आणि डेव्हिड लेव्हेंथल या नर्तकांनी वर्ग घ्यायला सुरुवात केली. लेव्हेंथल यांनी तर पुढे २०११ मध्ये रंगमंचावरची कारकीर्द थांबवून पूर्णवेळ याच कामाला वाहून घेतले. लंडनमध्ये इंग्लिश नॅशनल बॅले या नामांकित संस्थेने २०१० मध्ये असाच उपक्रम सुरू केला आणि त्यावर विद्यापीठीय संशोधनही झाले.

वर्गाची रचना सर्वसाधारणपणे अशी असते. सुरुवात खुर्चीत बसून होते. मान, खांदे, हात, बोटे, चेहरा असे एकेक अवयव संगीताच्या साथीने जागे केले जातात. मग ज्यांना शक्य आहे ते खुर्चीच्या पाठीला किंवा कठड्याला धरून उभे राहतात. शेवटी खोलीभर चालणे, वळणे, जोडीने पावले टाकणे आणि सर्वांनी हात धरून गोल करणे. ज्यांना उभे राहता येत नाही ते बसून तेच नृत्य करतात. रुग्णाची पत्नी, मुलगा किंवा सांभाळणारी बाईही त्याच गोलात असते. त्या तासापुरते कोण आजारी आणि कोण सोबतीला आलेले, हे बाहेरच्या माणसाला चटकन ओळखू येत नाही.

ताल मेंदूत काय करतो?

हे का उपयोगी पडावे, हे समजण्यासाठी आजाराकडे पाहावे लागेल. १८१७ मध्ये जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरांनी या विकाराचे वर्णन केले. मेंदूच्या खोल भागातील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि हालचालींचे नियमन बिघडते. लोकांच्या नजरेत भरतो तो हाताचा कंप. पण रुग्णाला जास्त छळतात त्या मंदावलेल्या हालचाली, स्नायूंचा ताठरपणा, ढळणारा तोल आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखे होऊन जागीच थबकणे. हे थबकणे बहुधा दाराच्या चौकटीत, अरुंद जागेत किंवा वळताना होते. म्हणूनच या रुग्णांपैकी सुमारे साठ टक्के वर्षभरात एकदा तरी पडतात.

निरोगी माणूस चालताना पावलांचा विचार करत नाही. मेंदूतील यंत्रणा आतल्या आत ठेका धरून एकेक पाऊल सोडत असते. कंपवातात हा आतला ठेका बिघडतो. मात्र बाहेरून ठेका मिळाला, म्हणजे संगीताचा ताल, मोजलेले आकडे किंवा जमिनीवर आखलेल्या पट्ट्या, तर मेंदू दुसऱ्या मार्गांनी हालचाल घडवू शकतो. जागीच थबकलेला रुग्ण समोर आडवी रेघ दिसताच ती ओलांडून चालू लागतो, हे दृश्य मेंदूविकारतज्ज्ञांना चांगले परिचयाचे आहे.

नृत्यात बाहेरच्या ठेक्याखेरीज आणखी तीन गोष्टी मिळतात. मागे चालणे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणे, थांबून पुन्हा सुरू होणे, वळणे या नेमक्या त्याच हालचाली आहेत ज्यांत रुग्ण पडतो. नृत्यात त्यांचाच सराव होतो. दुसरे म्हणजे पुढची पावले लक्षात ठेवावी लागतात, त्यामुळे स्मरण आणि लक्ष यांनाही काम मिळते. तिसरी गोष्ट कल्पनेची. ‘हात नव्वद अंशांत उचला’ या सूचनेपेक्षा ‘पाण्याखालून हात वर आणा’ ही सूचना अनेकदा हालचाल मोकळी करते. अशी सूचना कलाकाराला सहज सुचते. ते त्याचे रोजचेच काम आहे.

पुरावा किती आणि कुठपर्यंत?

अमेरिकेतील सेंट लुईसमध्ये गॅमन अर्हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ६२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी झाली. एका गटाने वर्षभर आठवड्यातून दोनदा, तासभर टँगो हे जोडीचे नृत्य केले. दुसऱ्याने आपला नेहमीचा दिनक्रम चालू ठेवला. वर्षाअखेर, औषधाचा प्रभाव नसताना तपासणी केली तेव्हा नृत्य करणाऱ्या गटात हालचालींच्या दोषांचे गुण जवळपास २९ टक्क्यांनी घटले होते. दुसऱ्या गटात म्हणण्यासारखा फरक नव्हता. तोल आणि चालण्यातही सुधारणा दिसली.

टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये आणखी उत्साहवर्धक निष्कर्ष मांडला. आठवड्यातून एकदा नृत्य करणाऱ्या १६ रुग्णांची स्थिती तीन वर्षांत अपेक्षेप्रमाणे खालावली नाही, तर नृत्य न करणाऱ्या तुलनेच्या गटाची खालावली. यावरून ‘नृत्याने कंपवात थांबतो’ असे मथळे अनेक ठिकाणी झळकले. तो निष्कर्ष या अभ्यासातून निघत नाही. १६ माणसे फार थोडी आणि ती स्वतःहून नृत्याला आलेली. जो तीन वर्षे दर आठवड्याला वर्गाला येऊ शकतो, तो मुळातच बरा चालणारा, हौशी आणि घरच्यांचा आधार असलेला असण्याची शक्यता अधिक.

एकूण पुरावा असे सांगतो की सौम्य ते मध्यम आजारात नियमित नृत्याने तोल, चालणे आणि मनःस्थिती सुधारू शकते. पेशींचा ऱ्हास त्याने थांबतो, असे सिद्ध झालेले नाही. चांगल्या फिजिओथेरपीपेक्षा ते वरचढ आहे, असेही म्हणता येत नाही. नृत्याची बाजू वरचढ ठरते ती वेगळ्याच ठिकाणी. व्यायामाचा कागद घेऊन घरी गेलेला रुग्ण पंधरा दिवसांत तो कागद विसरतो. वर्गाला मात्र माणसे वर्षानुवर्षे येत राहतात. आयुष्यभर पुरायचा व्यायाम असेल, तर त्याचा पहिला गुण तो आवडणे हाच असावा लागतो.

घरात बसलेला रुग्ण

जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधांविषयीच्या आयोगाने ३० जून २०२५ रोजी अहवाल दिला. जगात दर सहा माणसांमागे एक जण एकाकी आहे आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंचा संबंध एकाकीपणाशी जोडता येतो, असा त्याचा अंदाज आहे. कंपवाताचा रुग्ण या गर्तेत फार लवकर जातो. चेहऱ्याचे स्नायू आखडल्याने हसू उमटत नाही आणि लोकांना वाटते, हे रागावलेले आहेत. आवाज खाली जातो, बोलणे समजत नाही. चहाचा कप हातात थरथरतो म्हणून लग्नकार्याला जाणे बंद होते. त्यात नैराश्य हा या आजाराचाच एक भाग आहे. हळूहळू माणूस घरात, मग एका खोलीत, मग खाटेवर येतो. औषधाची मात्रा वाढवून यातले सगळे परत आणता येत नाही.

नर्तकाच्या वर्गात या माणसाला नवे नाव मिळते. तो विद्यार्थी होतो. त्याला चूक करण्याची, पुन्हा करून पाहण्याची आणि जमले तर मिरवण्याची मुभा असते. बऱ्याच वर्षांनी त्याला कुणीतरी ‘आज कसे वाटतेय’ऐवजी ‘पुढचे पाऊल कोणते’ असे विचारते.

पुणे आणि आपला ठेका

महाराष्ट्रात या कामाची ओळख पुण्यामुळे झाली. समकालीन नर्तक हृषीकेश पवार यांनी २०१० च्या सुमारास तिथल्या पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सदस्यांसाठी नृत्यवर्ग सुरू केला. या मित्रमंडळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. शब्द बदलल्याने आजार बदलत नाही, पण घरातले वातावरण बदलते. मुंबईतील पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीही अनेक ठिकाणी रुग्णांच्या गटांसाठी मोफत सत्रे घेते. हे सारे मुख्यतः कलाकारांच्या आणि स्वयंसेवी संस्थांच्या बळावर उभे आहे.

आपल्याकडे वयस्कर माणसाने, त्यातही बाईने, चारचौघांत नाचायचे म्हणजे संकोच येणारच. पण ठेक्यावर एकत्र पावले टाकणे आपल्याला नवे नाही. वारीतली पावली, मंगळागौरीचे खेळ, भोंडल्याचा फेर, लेझीम यांत ठराविक ठेका, पुढे-मागे पावले आणि सभोवती माणसे, हे तिन्ही आहे. टाळ-मृदंगावर उभे आयुष्य घालवलेल्या आजोबांना टँगो शिकवण्याची गरज नाही. बसून टाळ वाजवता येतो, खुर्चीला धरून पावली करता येते. लोककलावंत आणि फिजिओथेरपिस्ट एकत्र बसले तर याचे सुरक्षित रूप तयार होऊ शकेल. अर्थात ते तयार करून, मोजून पाहायला हवे. परंपरेचे आहे म्हणून गुणकारीच, असे गृहीत धरून चालणार नाही.

काय करता येईल?

संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात साठीपुढचे १४ कोटी ९० लाख लोक आहेत आणि २०५० पर्यंत हा आकडा ३४ कोटी ७० लाखांवर जाईल. कंपवात मुख्यतः उतारवयाचा आजार असल्याने त्याचे रुग्णही वाढणारच. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून अस्तित्वात आहे. त्यात जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर ज्येष्ठांसाठी स्वतंत्र सेवा आणि फिजिओथेरपी अपेक्षित आहे. गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत आणि अनेकांकडे बसण्याउठण्याची जागाही आहे. म्हणजे खोली आहे, खुर्च्या आहेत, रुग्ण आहेत. नाही ते कलाकाराचे मानधन आणि रुग्णाला वर्गापर्यंत आणण्याची सोय.

हे दोन खर्च किरकोळ समजले जातात आणि तिथेच बहुतेक उपक्रम बंद पडतात. कलाकाराने हे काम सेवा म्हणून फुकट करावे, अशी आपली अपेक्षा असते. आपण क्ष-किरण तंत्रज्ञाकडून तशी अपेक्षा करत नाही. वर्षभर टिकेल असे काम हवे असेल तर त्याचा मोबदला आणि प्रशिक्षण दोन्ही द्यावे लागेल. वाहनाचेही तसेच. तोल जाणारा माणूस दोन एसटी बदलून वर्गाला येणार नाही. खुब्याचे हाड मोडल्यावरच्या शस्त्रक्रियेला, रुग्णालयातील मुक्कामाला आणि नंतरच्या अंथरुणाला किती खर्च येतो, तो समोर ठेवून हा हिशेब मांडला पाहिजे. एखाद-दोन जिल्ह्यांत दोन वर्षे प्रयोग करून पडण्याचे प्रमाण, वर्गातील हजेरी आणि खर्च नोंदवले, तरी निर्णयाला आधार मिळेल.

तोवर ज्यांच्या घरी कंपवाताचा रुग्ण आहे, त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नृत्य किंवा कोणताही वर्ग सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. उभे राहताच रक्तदाब उतरत असेल, वारंवार पडणे होत असेल किंवा हृदयविकार असेल तर बसून करण्याचे प्रकार निवडावेत. औषधाचा परिणाम चांगला असतो ती वेळ सरावासाठी ठेवावी. नृत्य सुरू केले म्हणून औषधे स्वतःहून कमी किंवा बंद करू नयेत. अचानक बंद केल्यास प्रकृती गंभीर होऊ शकते. जमीन निसरडी नसावी, पायात घट्ट बसणारे बूट असावेत आणि हाताशी भक्कम खुर्ची असावी. जवळ वर्ग नसेल तर ओळखीच्या, ठाशीव ठेक्याच्या गाण्यावर घरातल्या कुणाचा तरी हात धरून रोज दहा मिनिटे पावले टाकली तरी सुरुवात होते. आणि जो कुणी वर्ग घेऊन आजार बरा करण्याची हमी देतो, त्याच्यापासून दूर राहावे.

ब्रुकलिनच्या नर्तकांनी अशी हमी कधी दिली नाही. त्यांनी फक्त नीट नृत्य शिकवले. आपल्या जिल्हा रुग्णालयांना आणि ज्येष्ठ नागरिक संघांना तेवढे करणारा एकेक कलाकार मानधनावर मिळाला, तर वय वंदना कार्ड खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी खिशातून काढण्याची वेळ काही जणांवर तरी येणार नाही.