सेटिंग वाचायची ती एकदाच

सर्व्हरची कॉन्फिग फाइल प्रत्येक रिक्वेस्टला नव्याने वाचावी, असं मानणारा एक पक्ष आहे. त्याचं म्हणणं वरवर पटतं. फाइल बदलली की बदल लगेच लागू, सर्व्हर बंद-चालू करायला नको. शिवाय एकदा वाचलेली फाइल ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत असतेच, मग वेळ जातो तो कितीसा?

आधी वेळेचंच घेऊ. अपाची सर्व्हरमधली .एचटीॲक्सेस फाइलची सोय याच पद्धतीची. ती चालू असेल आणि मागितलेलं पान मुळापासून तीन फोल्डर आत असेल, तर सर्व्हर मुळासकट चारही ठिकाणी ही फाइल शोधतो. ती कुठेच नसली तरी हा शोध दर रिक्वेस्टला होतो. मुख्य कॉन्फिग तुमच्या ताब्यात असेल तर ही सोय टाळा, असं अपाचीची स्वतःची मार्गदर्शिकाच सांगते. 2.3.9 आवृत्तीपासून तर ती मुळातच बंद असते.

माझा मोठा आक्षेप मात्र वेगळा आहे. समजा, कुणी डेटाबेसचा नवा पत्ता लिहून फाइल सेव्ह केली आणि पासवर्ड बदलायचा अजून बाकी आहे. नेमक्या त्याच वेळी आलेल्या रिक्वेस्टला पत्ता नवा आणि पासवर्ड जुना मिळतो. ग्राहकाच्या पदरी एरर पडते. पुढच्या मिनिटाला सगळं सुरळीत झालेलं असतं, आणि लॉगमधल्या त्या एका ओळीचं कारण शोधणाऱ्याला काही केल्या ते पुन्हा घडवून दाखवता येत नाही. सुरू होतानाच सगळी मूल्यं वाचून तपासणारा सर्व्हर, पासवर्ड लिहायचा राहिला असेल तर उभाच राहत नाही. बदल करणारा माणूस समोर बसलेला असतानाच चूक कळते. नुसतं वाचून भागत नाही, ही तपासणी हवीच.

राहिला बंद-चालू करण्याचा मुद्दा. एन्जिनएक्सने तो केव्हाच निकालात काढला आहे. रीलोडचा सिग्नल मिळाला की त्याची मुख्य प्रोसेस नवी कॉन्फिग आधी तपासते. एखादा अर्धविराम राहिला असेल तर नवी कॉन्फिग नाकारून जुनीवरच काम चालू ठेवते. सगळं ठीक असेल तर नवे वर्कर उभे करते. जुने वर्कर हातातल्या रिक्वेस्ट पुऱ्या करूनच थांबतात. सेवा एक क्षणही थांबत नाही.

नवी सुविधा कुणाला दाखवायची, कुणाला किती सवलत द्यायची, या गोष्टी तासातासाला बदलतात हे मान्य. पण तो रोजच्या व्यवहाराचा डेटा आहे, त्याची जागा डेटाबेसमध्ये. त्याच्यासाठी पोर्ट आणि पासवर्डही दर रिक्वेस्टला वाचायचं कारण नाही.

तुमच्या कोडमध्ये रिक्वेस्ट हाताळणाऱ्या फंक्शनात कॉन्फिग फाइल उघडणारी ओळ असेल, तर ती तिथून काढा आणि सर्व्हर सुरू होतो त्या जागी न्या.