श्वास कोंडून डोंगर चढता येत नाही

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

मराठीत 'दम' हा शब्द मोठा गमतीचा आहे. धावताना तो लागतो, कुस्तीत तो निघतो, वडीलधारी मंडळी तो देतात आणि उतावळ्या माणसाला तो धरायला सांगतात. 'दमसास' हा शब्द तर गवयाला आणि पैलवानाला सारखाच लागू पडतो. आमच्या कन्नड विभागातील मित्र श्वासाला 'उसिरु' म्हणतात. शब्द वेगळा असला तरी सकाळी मैदानावर लागणारी धाप दोघांचीही एकच असते.

या धापेवर सध्या एक नवा उपाय निघाला आहे. चालताना, धावताना किंवा पोहताना मुद्दाम श्वास कोंडून धरायचा. त्यामुळे म्हणे शरीराला आपण उंच पर्वतावर आहोत असे वाटते, रक्त वाढते, आणि काही आठवड्यांत आपण केनियाच्या धावपटूंसारखे न थकता पळू लागतो. लष्कराच्या आणि पोलिसांच्या भरतीसाठी १६०० मीटरची तयारी करणारी आपल्या सीमाभागातील कितीतरी मुले हा प्रयोग करतात. कोणी नाकातोंडाला बांधायचा रबरी मुखवटाही विकत घेतो. हा उपाय किती खरा आणि किती खोटा, याचा विचार करण्याची वेळ आली आहे, असे मला वाटते. मी वैद्यकाचा विद्यार्थी नाही, वाणिज्य शाखेचा आहे. पण जमाखर्च मांडायला आम्हांला शिकवले आहे, आणि या प्रश्नात जमाखर्चच महत्त्वाचा आहे.

प्रथम डोंगराची बाजू पाहू. १९६८ सालचे ऑलिंपिक सामने मेक्सिको सिटीत भरले. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर आहे. हवेतील प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे सारखेच, म्हणजे शेकडा एकवीसच्या आसपास असते. पण उंचीवर हवेचा दाबच कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर प्राणवायू कमी मिळतो. मेक्सिको सिटीत हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे तीन चतुर्थांश आहे. परिणाम काय झाला? विरळ हवेत बॉब बीमनने ८.९० मीटरची अफाट लांब उडी मारली, पण लांब पल्ल्याच्या धावपटूंची त्रेधा उडाली. ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कच्या नावावर १०,००० मीटरचा २७ मिनिटे ३९.४ सेकंदांचा विश्वविक्रम होता. तो सहावा आला आणि शर्यत संपताच कोसळला. ती शर्यत केनियाच्या नाफ्ताली तेमूने जिंकली, त्याची वेळ २९ मिनिटे २७.४ सेकंद होती. म्हणजे सुवर्णपदक विजेताही विक्रमापेक्षा पावणेदोन मिनिटांहून अधिक मागे होता! १५०० मीटरमध्ये केनियाच्याच किप केनोने अमेरिकेच्या जिम रायनला मागे टाकले. उंचावर जन्मलेल्या आणि वाढलेल्या माणसांकडे काहीतरी वेगळे आहे, हे जगाला त्या वर्षी ठळकपणे दिसले.

ते 'काहीतरी' आता बरेचसे समजले आहे. रक्तातील प्राणवायू घटला की मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन नावाचे द्रव्य सोडतात. ते हाडांतील मज्जेला तांबड्या पेशी अधिक बनवायला सांगते. प्राणवायू वाहून नेणारे हमाल म्हणजे याच पेशी. हमाल वाढले की माल अधिक पोचतो. पेशींना प्राणवायूची कमतरता कशी कळते, हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी १९९७ साली लेव्हिन आणि स्ट्रे-गुंडरसन या अमेरिकन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात धावपटूंनी चार आठवडे २५०० मीटरवर मुक्काम केला आणि सरावासाठी ते १२५० मीटरवर उतरत. त्यांची ५००० मीटरची वेळ सरासरी सुमारे १३ सेकंदांनी सुधारली. 'राहा उंच, पळा खाली' हे सूत्र तेव्हापासून रूढ झाले.

आता आपला जमाखर्च मांडू. उंचीचा लाभ घ्यायचा तर रोज निदान बारा तास आणि तेही तीन-चार आठवडे तिथे काढावे लागतात, असे या विषयातील अनुभव सांगतो. बारा तास गुणिले अठ्ठावीस दिवस म्हणजे ३३६ तास. उलट एखादा विद्यार्थी रोज दहा वेळा अर्धा-अर्धा मिनिट श्वास कोंडतो असे धरले, तर दिवसाला पाच मिनिटे होतात, आणि अठ्ठावीस दिवसांत दोन तास वीस मिनिटे. म्हणजे १४४ रुपयांच्या मालासाठी आपण एक रुपया देत आहोत. आणि हा रुपयाही पुरता नाही. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेले ऑक्सिमीटर अजून कपाटात असेल तर बोटाला लावून पाहावे. छाती भरून घेऊन शांत बसून अर्धा मिनिट श्वास रोखला, तर निरोगी माणसाचा आकडा फारसा हलतच नाही.

मग एवढे गुदमरल्यासारखे का होते? इथेच पुष्कळांची फसगत होते. श्वास कोंडल्यावर जी तगमग होते, ती मुख्यतः प्राणवायू संपल्याची नसते, रक्तात कर्बवायू साठल्याची असते. मेंदू कर्बवायूवर बारीक नजर ठेवून असतो आणि तो वाढला की 'श्वास घे' असा हुकूम सोडतो. अमेरिकेतील प्रख्यात जलतरण प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन यांनी १९७० च्या दशकात दर तीन, पाच, सात हातांनी एकदाच श्वास घेण्याचा सराव लोकप्रिय केला आणि त्याला प्राणवायूच्या टंचाईचे नाव दिले. पुढे मोजमापे झाली तेव्हा आढळले की या पोहणाऱ्यांच्या शरीरात प्राणवायू फारसा घटत नाही, कर्बवायू मात्र वाढतो. डोंगरावर नेमके उलटे घडते. तिथे आपण भराभर श्वास घेतो, त्यामुळे कर्बवायू कमी होतो आणि प्राणवायूही कमी असतो. दोन्ही ठिकाणी धाप लागते म्हणून दोन्ही गोष्टी एकच, असे म्हणणे म्हणजे दोन्ही खात्यांत तूट दिसते म्हणून दोन्ही दुकाने एकच, असे म्हणण्यासारखे आहे.

याचा अर्थ श्वास रोखण्यात काहीच नाही असा मात्र नाही. विरोधी पक्षाचेही म्हणणे ऐकले पाहिजे. श्वास रोखला की आपली पाणथरी, म्हणजे प्लीहा, आकसते आणि तिच्यात राखून ठेवलेल्या तांबड्या पेशी रक्तात येतात. पण ही ठेव थोडा वेळच बाहेर राहते, काही मिनिटांत पुन्हा जागेवर जाते. आग्नेय आशियातील बजाऊ हे पाणबुडे लोक पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात बुड्या मारत आले. त्यांची पाणथरी शेजारच्या शेतकरी लोकांपेक्षा सुमारे दीडपट मोठी असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. मात्र त्यामागे शेकडो वर्षांची आनुवंशिक निवड आहे. चार आठवड्यांचा सराव ते करू शकत नाही. फ्रान्समधील झाव्हिए वूरोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्वास सोडून दिल्यानंतर, अर्धवट रिकाम्या छातीने श्वास रोखून पळण्याचा अभ्यास केला आहे. या पद्धतीत प्राणवायू खरोखर उतरतो, आणि पुन्हापुन्हा छोट्या वेगवान धावा घेण्याची ताकद वाढल्याचे त्यांना आढळले. फुटबॉल, हॉकी, कबड्डी खेळणाऱ्यांना त्यात रस वाटणे साहजिक आहे. पण तो लाभ रक्त वाढल्यामुळे होत नाही आणि ते प्रयोग जाणकारांच्या देखरेखीखाली झालेले आहेत, ही दोन्ही वाक्ये आपल्यापर्यंत पोचत नाहीत.

कोणी म्हणेल, आपल्याकडे पूरक, कुंभक, रेचक हे हजार वर्षे चालत आले आहेत, त्याचे काय? त्याचा मान आहेच. मन शांत करायला, श्वासावर ताबा मिळवायला प्राणायामासारखे साधन नाही. पण हठयोगप्रदीपिकेसारख्या ग्रंथानेही श्वास हळूहळू वश करावा, घाई केल्यास साधकाचाच घात होतो, असा इशारा दिला आहे. कुंभकाने पाच हजार मीटरची शर्यत जिंकता येते, असा दावा त्या जुन्या मंडळींनी केलेला नाही. तो आपण त्यांच्या नावावर खपवतो. श्वास सर्वांत जास्त वेळ रोखणारा तो सर्वांत दमदार धावपटू असता, तर स्थिर पाण्यात ११ मिनिटे ३५ सेकंद श्वास रोखण्याचा विक्रम २००९ साली करणाऱ्या स्तेफान मिफ्सुदने मॅरेथॉनही जिंकली असती. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक कामावर जाताना रस्त्याकडेच्या झाडांच्या हिशेबाने श्वास रोखत असे आणि एकदा बेशुद्ध पडला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी धरली तरी १९५२ साली हेलसिंकीत त्याने ५०००, १०,००० आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके मिळवली, ती चारशे मीटरच्या असंख्य फेऱ्या मारमारून. त्या फेऱ्या कोणी उचलत नाही, झाडांची गोष्ट मात्र सगळे उचलतात.

आणि आता धोका. आपल्या खेड्यांत उन्हाळ्यात विहिरीच्या तळाची माती काढून आणण्याची पैज लागते. बुडी मारण्यापूर्वी मुले भराभर मोठे श्वास घेतात. त्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, कर्बवायू मात्र धुऊन जातो. मग 'श्वास घे' हा मेंदूचा हुकूम उशिरा सुटतो, आणि तो सुटण्यापूर्वीच प्राणवायू संपून पोहणारा पाण्याखाली बेशुद्ध होतो. हातपाय मारणे नाही, ओरडणे नाही. काठावरच्यांना वाटते, गडी अजून दम धरून आहे. जमिनीवर भोवळ आली तर गुडघा फुटेल, पाण्यात आली तर जीव जाईल. म्हणून विहिरीत, तलावात किंवा पोहण्याच्या हौदात एकट्याने हा सराव कोणीही करू नये. या लेखातील बाकी सर्व विसरलात तरी चालेल, एवढे लक्षात ठेवावे.

मुखवट्याचा हिशेब तर सोपा आहे. तो हवेचा मार्ग अरुंद करतो, हवेचा दाब बदलत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात सहा आठवडे असा मुखवटा घालून व्यायाम करणाऱ्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये वाढ आढळली नाही. मुखवट्याच्या पैशात एक बरा बूट येतो किंवा महिनाभर रोज दोन अंडी येतात.

एक गोष्ट मला विशेष खटकते. ही सगळी माहिती आपल्याकडे इंग्रजीतून, फिरत्या चित्रांतून येते. मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेल्या मुलाला चित्र लगेच कळते, पण 'वैद्यकीय सल्ल्याशिवाय करू नये' ही खालची बारीक ओळ त्याच्यासाठी नसल्यासारखीच असते. आपल्या अंकाला दोन विभाग आहेत. दोन्ही विभागांतून अशा विषयांवर साध्या भाषेत लिहिले गेले, तर तो केवळ वाङ्मयाचा प्रश्न राहणार नाही.

मग दम वाढवायचा कसा? बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळेचे उदाहरण घ्या. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. त्या वर्षी तो अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या उंचीवर सराव करून आला होता, हे खरे. पण त्याआधी महार रेजिमेंटमधील नोकरी, सियाचीनची थंडी आणि वर्षानुवर्षांचे धावणे होते. उंची हा शेवटचा मजला आहे, पाया नव्हे. आपले बेळगाव सुमारे ७५० मीटरवर आहे. एवढ्या उंचीने रक्त वाढत नाही, पण सकाळच्या गारव्यात पळायला याहून चांगली हवा कुठे मिळणार?

आणि पायाविषयी बोलायचे तर एक कटू आकडा सांगणे भाग आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आपल्या देशातील १५ ते ४९ वयोगटातील शेकडा ५७ स्त्रिया आणि शेकडा २५ पुरुष रक्तक्षयी आढळले. तांबडी पेशी बनवायला लोह लागते. ते शरीरात नसेल, तर डोंगरावर राहूनही रक्त वाढायचे नाही, मग श्वास कोंडण्याची गोष्टच नको. आपल्या खो-खो आणि कबड्डीच्या संघांतील मुलींना 'दम कमी पडतो' म्हणून जास्त फेऱ्या मारायला लावतात. त्यांच्यापैकी किती जणींचे हिमोग्लोबिन आपण कधी तपासले आहे? कदाचित त्यांना फेऱ्यांची नव्हे, औषधाची गरज असेल.

म्हणून माझी जिमखान्याला आणि फिजिकल डायरेक्टर सरांना विनंती आहे. दरवर्षी खेळाडूंची निवड झाली की प्रथम सर्वांची हिमोग्लोबिनची तपासणी करावी. ज्यांचे कमी असेल त्यांना डॉक्टरांकडे पाठवावे. सरावानंतरच्या चहा-बिस्किटांऐवजी भिजवलेले हरभरे आणि वर लिंबू द्यावे. लिंबाने लोह अंगी लागते आणि जेवणाबरोबरच्या चहाने ते अडते, हे घरीही सांगण्यासारखे आहे. या सर्वांचा खर्च एका चषकाच्या खर्चाहून फार होणार नाही.

श्वास रोखण्याचा सराव ज्यांना करायचा आहे त्यांनी जमिनीवर, सोबत घेऊन, हृदयविकार, रक्तदाब किंवा फिट्स यांचा त्रास नाही याची खात्री करून, जरूर करावा. मनाला तो स्थैर्य देईल. पण त्याच्याकडे डोंगराचे भाडे मागू नये. दमसास हा महिन्यांच्या आणि वर्षांच्या नियमित धावण्याने, झोपेने आणि पोटभर अन्नाने येतो. त्यासाठी जो दम धरावा लागतो, तो छातीत कोंडायचा नसतो.