उलटे टांगलेले चर्च

घराचा नकाशा कागदावर असतो. इंजिनीअरला तो कळतो, पण ज्याच्या घामाच्या पैशातून घर उभे राहते त्याला बऱ्याचदा उमगत नाही. तेच पुठ्ठ्याचे छोटे घर करून पुढे ठेवले, तर आजीसुद्धा सांगते, "जिना इथे नको." हाताने केलेली प्रतिकृती अशी दाखविण्याच्या कामी येते. परंतु ती शोधण्याच्या कामीही येते. आज त्याचीच हकिकत सांगतो.

स्पेनमध्ये बार्सिलोना शहराजवळ कापडगिरणी कामगारांची कोलोनिया गुएल नावाची वसाहत होती. तेथील चर्चचे काम १८९८ साली अंतोनी गाउदी या वास्तुशिल्पकाराकडे आले. त्यांनी छताला दोऱ्या टांगल्या आणि दोऱ्यांना शिशाच्या छर्ऱ्यांच्या छोट्या पिशव्या बांधल्या. जिथे जेवढा भार येणार, तिथे त्या प्रमाणात वजन. दोरीला फक्त ताण सोसतो, म्हणून वजन पडताच ती आपला आकार आपणच घेते. तो आकार उलटा केला की ताणाच्या जागी दाब येतो, आणि दाब सोसणे हे तर दगड-विटांचे कामच! गाउदी त्या दोऱ्यांचे फोटो काढीत, उलटे धरीत आणि त्यांवर इमारत रंगवीत.

एक पिशवी बदलली की शेजारच्या दोऱ्या हलत, पुन्हा जुळवाजुळव. असे सुमारे दहा वर्षे चालले. १९०८ साली बांधकाम सुरू झाले, १९१४ साली थांबले. खालचा भाग तेवढा पुरा झाला. तो आजही उभा आहे आणि २००५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला.

मुलांनो, हे घरी करून पाहा. भिंतीवर दोन खिळ्यांना साखळी सैल टांगा. मागे कागद धरून तिचा आकार पेन्सिलीने उतरवा. कागद उलटा करा. कमान तयार!

आणि पालकांनो, पोर पुठ्ठा कापत बसले की आपण ओरडतो, "पसारा आवर, अभ्यासाला बस." हाताने काम करणारा खालचा आणि डोक्याने करणारा वरचा, ही वाटणी आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ भोगली. ती आपणच आपल्या घरात चालवू नये, असे आम्हांस वाटते. त्यापेक्षा पोराला विचारा, "हे छप्पर कशावर उभे आहे रे?" उत्तर शोधताना ते जे करील, तोही अभ्यासच.